बिनवळणाची

आईच्या वस्तू घेऊन तिचा विद्यार्थी घरी आला तेव्हा मी स्टुलावर उभी राहून पंख्याची पाती पुसत होते. हातात खोका धरून तो दारातच थांबला. आईच्या प्रयोगशाळेचा प्रमुख आता तोच होता आणि त्याचे केसही पिकायला लागले होते, तरी आईच्या लेखी तो विद्यार्थीच. ती त्याला ‘उतावळे’ म्हणायची, पाठीमागेही आणि तोंडावरही. प्रयोग अर्धा व्हायच्या आत निष्कर्ष लिहायला बसतो म्हणून.

खोक्यात तिचा स्वेटर होता, वाचायचा चष्मा, चहाचा मग आणि प्रयोगशाळेत घालायचे बंद बूट. बुटांच्या नाड्या कोणीतरी नीट बांधून दिल्या होत्या. आई त्या कधीच बांधत नसे, आत खोचून टाकायची.

उतावळे खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले आणि रिकामा ग्लास हातातच धरून राहिले.

“एक सांगायचं होतं, ताई. बाहेरून कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.”

“सांगा.”

“बाईंचा शेवटचा लेख आम्ही मागे घेतोय.”

मी हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. “का?”

“तो प्रयोग पुन्हा जमत नाही. सगळं करून पाहिलं. आलेखातली बाईंची रेघ सलग येते. आमची उड्या मारत येते.”

“मग तुमचं चुकत असेल.”

ते हसले. ज्या घरात माणूस गेलंय तिथे हसतात तसं, ओठ न उघडता. “शेवटी शेवटी त्यांना फार त्रास होता. औषधं होती. मोजताना मधले आकडे सुटले असतील, आणि मग रेघ जोडताना...”

“जोडताना काय?”

“जोडतो माणूस कधी कधी. नकळत.”

“आईने रेघ हाताने ओढली असं म्हणताय तुम्ही?”

“मी असं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंत ते पुन्हा म्हणा.”

त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला. माझं काम मुद्रितं तपासण्याचं. दुसऱ्याच्या वाक्यात काय लपून बसलंय ते शोधण्यावरच माझं घर चालतं.

“हे तुम्ही कोणाकोणाला बोललात?”

“विभागात. आणि या विषयातल्या चारपाच जणांना. त्यांना सांगणं भाग होतं, ते त्या लेखावर पुढचं काम करताहेत.”

“मी उद्या येते. तुमच्या उड्या मला दाखवा.”

“ताई, तुम्हाला त्यातलं...”

“समजणार नाही. माहीत आहे. तरी येते.”

आई काय करायची ते आत्याला कधी समजलं नाही आणि मला समजायला वेळ लागला. द्रवस्फटिक म्हणजे पाण्यासारखा वाहणारा, पण आतले रेणू शिस्तीत उभे असलेला पदार्थ. कॅल्क्युलेटरमधले काळे आकडे त्याचेच असतात. आईच्या मिश्रणात हे रेणू गोल जिन्यासारखे रचलेले असत, थरावर थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित फिरलेला. जिन्याचा एक फेरा किती उंचीत पुरा होतो त्यावर काच कुठला रंग परत पाठवणार ते ठरतं. वीज वाढवली की फेरा आखडतो आणि रंग निळ्याकडे जातो. जांभळा उजेड टाकला की फेरा सैलावतो आणि रंग लालकडे सरकतो. उजेडाने पुढे ढकलायचं, विजेने आवरून धरायचं. “म्हणजे लहान मूल आणि आई,” असं मी एकदा जेवताना म्हटलं होतं. ती म्हणाली, “त्यातलं मूल कोण आणि आई कोण ते आधी ठरव, मग मला सांग.”

शेवटच्या लेखात तिचं म्हणणं एवढंच होतं की उजेड आणि वीज दोन्ही हातात असतील, तर लाल आणि निळ्याच्या मधे रंग हवा तिथे थांबवता येतो. कुठेही. एकही उडी न घेता.

दुसऱ्या दिवशी निघताना आत्याचा फोन आला. बाबा गेल्यापासून त्यांच्या बाजूची म्हणून तीच एकटी उरली आहे, आणि चौघांचं बोलणं ती एकटी भरून काढते.

“गेलेल्या माणसाच्या मागे भांडणं कसली काढतेस? तो बिचारा सामान द्यायला आला आणि तू त्याला उभा-आडवा घेतलास म्हणे.”

“बसवून घेतलं, आत्या. पाणीही दिलं.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांचं म्हणून झालंय. मी तेच पुसायला चाललेय.”

“हे असं. वळण म्हणून लावलं नाही तुला तुझ्या आईने.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरात पाहुणे होते आणि मी पुस्तकातून मान वर केली नव्हती. आई नुकतीच कामावरून आली होती, बाहीला मखमलीचे तंतू चिकटलेले. ती आत्याला म्हणाली, “दिवसभर काचांनाच वळण लावते हो, घरी येईपर्यंत हात भरून येतात.” आत्याला वाटलं थट्टा केली. तसं नव्हतं. रेणूंनी रांगेत राहावं म्हणून ज्या काचपट्ट्यांमधे ते भरायचे, त्यांच्यावर आधी एक पातळ लेप देऊन तो मखमलीने घासावा लागतो, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा. मग काचेला लागून असलेले रेणू त्याच दिशेला तोंड करून राहतात. याला तिच्या प्रयोगशाळेत ‘वळण लावणं’ म्हणत. तिनेच रूढ केलेला शब्द. त्या दिवसापासून मी ‘बिनवळणाची’ झाले. दारातून आत आली की पर्स ठेवायच्या आधी विचारायची, “माझी बिनवळणाची कुठे आहे?” मी नोकरीला लागले, वेगळी राहिले, परत आले, तरी तेच.

शेवटीही तेच. उतावळे तिला भेटायला इस्पितळात गेले होते आणि तिथून त्यांनी मला छापखान्यात फोन केला: “बाई तुम्हाला बोलावताहेत. बिनवळणाची, म्हणाल्या.” मी होते तशी निघाले. तिच्या तोंडावर मास्क होता, आवाज आतून यायचा. “आलीस?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “दाखव,” ती म्हणाली. मी वाकून चेहरा तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही.

मधले सगळे महिने मी त्यावर काढले. तिने मला बोलावलं होतं. माझा चेहरा पाहायला मागितला होता.

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, खिडक्यांना जाड काळे पडदे. आत एक उंच संशोधक मुलगी काम करत होती, गळ्यात दोरी लावलेला चष्मा. आईच्या शेवटच्या वर्षात ती इथे आली होती, पण आई तेव्हा बरेचदा रजेवर असे, त्यामुळे तिला आई फारशी मिळाली नाही, असं ती स्वतःच म्हणाली. टेबलावर एका चौकटीत नखाएवढी काच बसवलेली होती, दोन बारीक तारा जोडलेल्या. तिने दिवे घालवले आणि जांभळा दिवा लावला.

काच हिरवी होती. मी बघत राहिले. बराच वेळ ती हिरवीच होती, आणि मग एकदम पिवळी झाली. मधे काही नाही. पुन्हा बराच वेळ पिवळी, मग एकदम नारिंगी.

“ही उडी,” उतावळे म्हणाले. “काचा दोन, ताई, एक वर, एक खाली, आणि दोन्हींना वळण लावलेलं. म्हणजे जिन्याची पहिली पायरीही खिळलेली आणि शेवटचीही. मधला जिना आखडायचा किंवा सैलावायचा तर अर्धा फेरा एकदम सोडावा लागतो. पाव नाही, थोडासा नाही. अर्धा. म्हणून उडी. हे टाळता येत नाही.”

“आईला माहीत नव्हतं हे?”

“त्यांनीच शिकवलं मला.”

“मग जे टाळता येत नाही ते टाळलं असं तिने लिहिलं, आणि तुम्हाला वाटलं तिने खोटं लिहिलं. काहीतरी वेगळं केलं असेल असं नाही वाटलं?”

“वेगळं केलं असतं तर लिहिलं असतं. कृती तर लेखात आहे. मिश्रण आहे, जाडी आहे, वीज आहे, दिवा आहे.”

“आणि तिची ती काच?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, “बाईंचं टेबल आवरलं तेव्हा जुन्या काचा धुवून पुन्हा वापरायला घेतल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“चूक तिची नाही,” उतावळे पटकन म्हणाले. “टेबल मी आवरायला सांगितलं.”

मी त्या टेबलापाशी गेले. त्यावर आता दुसऱ्या कोणाची तरी यंत्रं होती. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक चपटा डबा होता, खाचांमधे काचपट्ट्या उभ्या लावलेल्या. मी झाकण उघडलं.

“त्या नका घेऊ, ताई,” मुलगी म्हणाली. “त्या बिनवळणाच्या आहेत. लेप दिलाय, घासलेल्या नाहीत. नवीन मुलांना सराव करायला ठेवतो.”

मी झाकण लावलं. लावताना ते बसेना, दोनदा दाबावं लागलं.

“काय म्हणालात?”

“बिनवळणाच्या. इथे तसंच म्हणतात.” तिने उतावळ्यांकडे बघितलं, आपण काही वावगं बोललो की काय म्हणून.

“बाईंचाच शब्द,” ते म्हणाले, आणि माझी आठवण होऊन थांबले. “तुम्हालाही त्या... हो.”

मी स्टुलावर बसले. मला जे कळलं होतं ते त्या दोघांना कळलं नव्हतं. मी पर्स उचलून घरी गेले असते तर कधी कळलंही नसतं. लेख मागे गेला असता, आईचं नाव हळूहळू पुसलं गेलं असतं आणि माझ्याकडे तिचे इस्पितळातले ते दोन शब्द, ‘आलीस’ आणि ‘दाखव’, राहिले असते, जसेच्या तसे. सकाळी उठल्यावर मी आधी त्यांनाच हात लावून बघायची, आहेत ना म्हणून. मी त्या डब्याकडे बघत बसले. मुलीने मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले.

“त्या दिवशी इस्पितळात ती तुम्हाला नेमकं काय म्हणाली?” मी विचारलं. “तिचे शब्द सांगा. तुमचे नको.”

“तुम्हाला बोलावलं.”

“‘बोलाव’ म्हणाली?”

उतावळ्यांनी आठवून पाहिलं. “नाही. ‘बिनवळणाची आण,’ म्हणाल्या. ‘माझी बिनवळणाची आण.’”

“आण.”

“हो.”

“माणसाला बोलावतात. फार तर घेऊन ये म्हणतात. आण म्हणत नाहीत. आणतात ती वस्तू.”

“ताई, त्या किती आजारी होत्या...”

“ती आजारी होती. तिची भाषा आजारी नव्हती.” माझा आवाज जरा चढला असावा, कारण मुलगी जागीच सरळ उभी राहिली. “मी गेले तेव्हा तिने विचारलं, आलीस? मास्क होता. मी ऐकलं, आलीस. तिने विचारलं होतं, आणलीस? तिला वाटलं तुम्ही काच माझ्या हाती पाठवली. मग म्हणाली, दाखव. मी तिला माझं तोंड दाखवलं.”

उतावळे त्या डब्याकडे बघायला लागले.

“शेवटी माणूस सरावाची काच बघायला मागत नाही,” मी म्हटलं. “तिची जी कोणती काच होती, ती बिनवळणाची होती. पुढचं तुम्ही सांगा. मला त्यातलं समजत नाही.”

उतावळ्यांनी मान हलवली. “वळण न लावलेल्या काचांत नुसता धुरकटपणा येतो. रेणू वाटेल तिकडे तोंड करतात. रंगच दिसत नाही धड.”

“दोन्ही बिनवळणाच्या असल्या तर, सर,” मुलगी म्हणाली. ती हळू बोलत होती, पण तिचे डोळे आमच्यावर नव्हते, टेबलावरच्या चौकटीवर होते. “एकच असली तर? खालची वळणाची, वरची बिनवळणाची. एका टोकाला खिळा, दुसरं टोक मोकळं. मग जिन्याला अर्धा फेरा सोडायची गरजच नाही. वरची पायरी हवी तेवढी फिरेल.”

“मग लेखात लिहिलं का नाही त्यांनी?”

“काचेला वळण लावलं असं आपण तरी कुठे लिहितो, सर? ते सगळे लावतातच. मग नाही लावलं हेही राहून गेलं असेल. आजारपणात.”

उतावळ्यांनी हाताची घडी घातली. “हे सगळं एका ऐकू न आलेल्या शब्दावर उभं आहे, हे लक्षात घ्या.”

“घेतलं,” मी म्हटलं. “काच करा.”

“हे यंत्र उद्यापासून या आठवड्यापुरतं दुसऱ्या गटाकडे दिलंय. पुढच्या आठवड्यात बघू.”

“मी बसते.”

“ताई, पुढच्या आठवड्यात.”

“लेख मागे घेण्याचं पत्र गेलं?”

“तयार आहे.”

“मग मी बसते. माझ्याकडे पुस्तक आहे.”

मी खरंच पुस्तक काढलं. उतावळे दोनदा बाहेर जाऊन आले. तिसऱ्या वेळी आत आले ते दुसऱ्या गटाशी फोनवर बोलत, आणि आवाज भांडणाचा होता. त्यांचं भांडण चालू होतं तोवर मुलीने त्या सरावाच्या डब्यातली एक पट्टी चिमट्याने उचलली होती.

काच त्याच दिवशी होत नाही. दोन पट्ट्यांमधे केसाहून बारीक फट ठेवून कडा चिकटवायच्या, डिंक सुकू द्यायचा, मग मिश्रणाचा थेंब कडेला ठेवला की तो आपण होऊन आत ओढला जातो, आणि मग स्थिरावायला वेळ द्यावा लागतो. हे मला मुलीने हात चालवता चालवता सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेले. पडदे ओढलेले होते. उतावळ्यांनी दाढी केली नव्हती.

जांभळा दिवा लागला. काच हिरवी होती. मी तिच्यावरून नजर हलवली नाही, आणि तरी ती पिवळट कधी व्हायला लागली ते मला सांगता येणार नाही. हिरव्यात पिवळा मिसळत गेला, मग नुसता पिवळा उरला, मग तो पिकत गेला. मुलीने वीज किंचित वाढवली. रंग जागच्या जागी थांबला. ज्याला काय म्हणावं ते मला माहीत नाही अशा एका रंगावर, पिवळा आणि नारिंगी यांच्या मधल्या. तिने दिवा मंद करून वीज आणखी वाढवली आणि तो आल्या वाटेने परत निघाला, सावकाश, कुठेही न अडखळता. शेजारच्या पडद्यावर रेघ उमटत होती. ती सलग होती.

उतावळे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मुलीला पुन्हा पहिल्यापासून करायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. मग वीज बंद करून, दिवा बंद करून, सगळ्या तारा सोडवून पुन्हा जोडून. उतावळ्यांनी इतकी सावकाशी दाखवलेली पाहायला आई हवी होती, काहीतरी बोलली असती.

“बाई बरोबर होत्या,” ते म्हणाले.

“हो.”

ते माझ्याजवळ येऊन बसले. मुलगी उगाचच तारा गुंडाळायला लागली.

“ताई, त्या दिवसाबद्दल एक बोलू? काच मागितली असेल त्यांनी. पण तुम्ही समोर दिसलात तेव्हा त्यांना बरंच वाटलं असणार. मला तर वाटतं त्यांच्या मनात दोन्ही होतं. तसं समजलात तरी काही बिघडत नाही.”

ते मनापासून बोलत होते, हे मला दिसत होतं. आणि तसं समजणं किती सोपं होतं, हेही.

“बिघडतं,” मी म्हटलं. “परवा तिच्या एका रेघेला तुम्ही म्हणालात की जोडली असेल. आज मी तिचं वाक्य जोडायला घेऊ? तिने काच मागितली. मी गेले. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, ते मात्र मी पाहिलंय. काय म्हणून बघितलं ते मी ठरवणार नाही. तुम्हीही ठरवू नका.”

त्यांनी मान खाली घातली. “लेख मागे घेत नाही. दुरुस्ती जोडू, वरच्या काचेला वळण लावलेलं नव्हतं अशी. नाव बाईंचंच राहील, पहिलं.”

“ते तर झालंच. पण त्या चारपाच जणांना तुम्ही काय सांगितलं होतंत?”

“त्यांना मी सविस्तर कळवतो.”

“कळवताना वाक्य लांब होतं. तोंडी सांगितलं होतंत ना? मग तोंडीच सांगा. आत्ता. मी इथे बसून ऐकते.”

“सगळ्यांना?”

“ज्यांना सांगितलंत त्यांना. विभागातले तर शेजारच्याच खोल्यांत असतील, त्यांना नंतर हाक मारा.”

आत्या असती तर तिने तिचं वाक्य म्हटलं असतं. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

पहिल्याशी बोलताना त्यांनी आधी हवापाणी विचारलं, मग म्हणाले की बाईंच्या लेखात एक छोटा गैरसमज झाला होता. मी मान हलवली. त्यांनी फोनवर हात ठेवला.

“काय?”

“गैरसमज आपला आपण होत नाही. कोणाचा झाला ते सांगा.”

ते फोनवर परत गेले. “माझा,” ते म्हणाले. “माझा गैरसमज झाला होता. रेघ त्यांनी जोडलेली नव्हती. आज माझ्या डोळ्यांदेखत आली.” पलीकडून बरंच काही विचारलं गेलं आणि त्यांनी ते मुलीला विचारून विचारून सांगितलं. दुसरा फोन त्या मानाने लवकर आटपला. तिसऱ्याला त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, आणि मग पलीकडच्या माणसाला आई माहीत होती असं दिसलं, कारण उतावळे नुसते “हो, हो, तशाच होत्या” म्हणत राहिले.

चौथ्याची घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला.

“उचलत नाही. यांना मी उद्या सांगतो, ताई. नक्की.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं.